दिव्यामागची वाटी

फ्लॅशच्या छायाचित्रणाचा इतिहास बहुतेक ठिकाणी उजेडाच्या उगमाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी मॅग्नेशियमची पूड, मग काचेचा बल्ब, मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशमधली झेनॉनची नळी. टप्प्याटप्प्याने धोका कमी झाला, वजन घटलं, वेग वाढला. हे सगळं खरं आहे. पण या सांगण्यात चौकटीच्या कडा कुठेच येत नाहीत. मधल्या माणसाचा चेहरा पांढराफटक आणि टोकाची माणसं काळोखात, हा दोष पुडीच्या काळात फारसा नव्हता. तो बल्बाबरोबर आला आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशबरोबर ठळक झाला. माझ्या मते उजेड सारखा पसरणं हे दिवा आणि त्यामागची वाटी, म्हणजे रिफ्लेक्टर, यांच्या जोडीवर अवलंबून राहिलं. ही जोडी जुळवणाऱ्यांचं श्रेय मात्र दिवा शोधणाऱ्यांच्या नावावर जमा झालं.

१८८७ साली जर्मनीत आडोल्फ मीटे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियम, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचं मिश्रण तयार केलं. लगेचच पत्रकार जेकब रीसने न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतींतली गरिबी याच पुडीच्या उजेडात टिपली. पूड भडकली की ज्वाळेचा लोळ उठे आणि उजेड चहूबाजूंना जाई. भिंती, छत त्याला परत फेकत. मागे वाटी नसली तरी खोलीच वाटीचं काम करी. १९२९ च्या सुमारास जर्मनीत ऑक्सिजनच्या फुग्यात ॲल्युमिनियमचा वर्ख भरलेला बल्ब विक्रीला आला, तेव्हा धूर आणि आगीचं भय संपलं. पण बल्बाचा निम्मा उजेड छायाचित्रकाराच्याच अंगावर पडे. तो पुढे वळवायला वाटी आली, आणि वाटीबरोबर कोनाचा प्रश्न आला. वृत्तपत्रांतल्या छायाचित्रकारांच्या चार बाय पाच इंची स्पीड ग्राफिकची नेहमीची लेन्स कर्णावर साधारण ६० अंश पाहते. वाटी याहून अरुंद झोत टाकत असेल, तर कडा अंधारणारच.

पुढे बल्ब लहान होत गेले, आणि इथे गणित बिघडलं. सुरुवातीचे मोठे बल्ब घरातल्या दिव्याएवढे. मग अक्रोडाएवढे आले, मग शेंगदाण्याएवढे. परवलयाकार वाटीच्या नाभीशी अगदी छोटा दिवा ठेवला, तर किरण समांतर निघतात आणि मधोमध तीव्र ठिपका पडतो. दिवा पुढेमागे सरकला, तर कधी मधेच काळं वर्तुळ उमटतं. मोठा बल्ब आपल्या आकारानेच ही चूक झाकत असे. लहान बल्बाला ते जमत नाही. म्हणून मोठ्या बल्बाच्या सात इंची वाटीत ॲडॉप्टर लावून छोटा बल्ब बसवला की उजेड भरपूर मिळे, पण पसरत नसे. यावर उपाय होते: छोट्या बल्बासाठी पाच इंची वेगळी वाटी, किंवा चकचकीत पृष्ठभागाऐवजी मंद, खरबरीत पृष्ठभाग, ज्यात थोडा उजेड खर्ची पडे पण ठिपका विरे. अमेरिकी बल्बांबरोबरच्या तक्त्यांत वाटीचा आकार आणि पृष्ठभाग यांनुसार गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचे आकडे, वेगवेगळे दिलेले असत. बल्बाची ताकद वाटीशिवाय सांगताच येत नाही, ही कबुली त्या तक्त्यांतच होती. १९६५ च्या फ्लॅशक्यूबमध्ये तर चारही बल्बांना कारखान्यातच स्वतंत्र वाटी मिळाली; जोडी चुकण्याची शक्यताच ग्राहकाच्या हातून काढून घेतली गेली.

ही जोडी मोठ्या मैदानात काय करते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ओ. विन्स्टन लिंकच्या कामात सापडतो. शिक्षणाने स्थापत्य अभियंता असलेल्या या माणसाने १९५५ पासून अमेरिकेतल्या नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री टिपली. ऑगस्ट १९५६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या आयेगर इथे टिपलेल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात पुढे मोटारीत बसून सिनेमा पाहणारं जोडपं आहे आणि मागे धूर सोडत जाणारी गाडी. अंतर दुप्पट झालं की उजेड चतुर्थांश होतो. एकच बलाढ्य दिवा असता तर पुढची मोटार जळून पांढरी झाली असती आणि इंजिन काळ्यात बुडालं असतं. लिंकने बल्ब विखरून ठेवले, एकाहून अधिक बल्ब घेणारे रिफ्लेक्टर स्वतः बनवले आणि प्रत्येकाला आपापला पट्टा नेमून दिला. याच तर्काची उलटी बाजू अभियंता हॅरॉल्ड एजर्टनच्या युद्धकाळातल्या कामात दिसते. १९४४ मध्ये त्याने विमानात बसवलेल्या प्रचंड फ्लॅशने रात्री १,५०० फुटांवरून स्टोनहेंज टिपलं. तिथे भिंत नाही, छत नाही. उजेड चौकटीबाहेर सांडला तर तो वायाच. वाटीचा कोन लेन्सच्या कोनाशी बसवल्याशिवाय ती ताकद खाली पोहोचलीच नसती.

यावर एक आक्षेप असा की मधे लख्ख आणि कडेला काळोख ही शैलीच आहे. वृत्तछायाचित्रकार वीजीची न्यूयॉर्कमधली चित्रं त्यावरच उभी आहेत. मान्य. पण वीजीने दहा फुटांचं अंतर आणि एफ/१६ असं माप पक्कं केलं होतं. त्याला आपला झोत ठाऊक होता. काळोख त्याने निवडला, तो त्याच्यावर लादला गेला नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छतावरून उजेड उसळवला किंवा सॉफ्टबॉक्स, म्हणजे पुढे पांढरं कापड असलेली पेटी, लावला, की वाटीचं महत्त्व उरतं कुठे? उसळवायला मुळात पांढरं, फार उंच नसलेलं छत लागतं, आणि सोबत नेण्याचा फ्लॅश बहुतेकदा छत नसलेल्या जागीच लागतो. सॉफ्टबॉक्सच्या बाबतीत तर प्रश्न फक्त आत सरकतो. अरुंद वाटीचा फ्लॅश आत घातला की कापडाच्या मधोमध तेज साचतं आणि कोपरे मळकट राहतात. वाटी नसलेली उघडी नळी आत बसवली तर कापड सारखं भरतं. नॉर्मन, लुमेडाइन, क्वांटम यांसारख्या सोबत नेण्याच्या फ्लॅशमध्ये उघडी नळी आणि बदलता येणाऱ्या वाट्या दिल्या गेल्या, त्या याच गरजेपोटी.

कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशमध्ये हे काम आता मोटर करते. लेन्स बदलली की आतली नळी वाटीसह पुढेमागे सरकते आणि झोत रुंद वा अरुंद होतो. तरीही जाहिरातीत आकडा येतो तो अरुंद झोताचा. कॅनॉनच्या ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशचा गाइड नंबर ६० सांगितला जातो, पण तो २०० मिलिमीटरच्या लेन्सपुरता. २४ मिलिमीटरची लेन्स कर्णावर ८४ अंश पाहते. तेवढी चौकट भरायला झोत उघडला की तो आकडा निम्म्याच्याही खाली येतो. लग्नाच्या मांडवात दोन्हीकडच्या वऱ्हाडाचा एकत्र फोटो काढणाऱ्याला उपयोगी पडतो तो हा खालचा आकडा, आणि तो माहितीपत्रकाच्या आतल्या तक्त्यात शोधावा लागतो.