पाठ उंच केलेली गाडी: कुर्ला ते व्हाइटफील्ड

साठ-सत्तरच्या दशकातली अमेरिकन मसल कार डोळ्यांसमोर आणा. नाक खाली, पाठ वर, मागे रुंद टायर. ही ऐट आली कुठून, आणि आपण ती करावी का, हा आजचा विषय.

मी व्हाइटफील्डला राहतो, तेव्हा इथूनच निघू. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडेयर यांनी अँग्लो-इंडियन वसाहतीसाठी ही जमीन दिली. त्याच वर्षी सोलापुरात वालचंद हिराचंद जन्मले. जुन्या विमानतळ रस्त्यानं शहराकडे जाताना लागणारं एचएएल १९४० मध्ये ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ म्हणून सुरू झालं, ते वालचंदांच्याच पुढाकारानं आणि म्हैसूर संस्थानाच्या साथीनं. पुढे १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. क्रायस्लरशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ गाड्यांची जुळणी होऊ लागली. म्हणजे डॉज हे नाव ‘चार्जर’च्या आधीच मराठी कामगारांच्या हातांत होतं.

त्या डॉजच्या मागे पाट्यांची स्प्रिंग होती. पुढे पद्मिनी, अँबॅसेडरला तीच आणि १९६८च्या चार्जरलाही तीच. आपल्याकडे गाडी मागून बसली की मिस्त्री एक पाटा वाढवायचा. कारण सरळ होतं : ओझं आणि खड्डे.

अमेरिकेत कारण वेगळं. ड्रॅग रेसमध्ये आधी काही गाड्यांचं नाक उंच करत, म्हणजे सुटताना वजन मागच्या चाकांवर यावं. नंतर रस्त्यावरच्या गाड्यांना रुंद टायर बसवायची हौस आली. टायर पत्र्याला घासू नये म्हणून पाठ वर गेली, आणि हळूहळू तीच फॅशन झाली.

उंची वाढवायचे मार्ग तीन-चार. लांब शॅकल, जादा पाटा, हवेचे शॉक-ॲबसॉर्बर किंवा पाट्यांना भट्टीत परत कमान देणं. शॅकल दोन इंच वाढवलं तर गाडी साधारण एकच इंच उचलते, कारण पाट्याचं पुढचं टोक जागेवरच असतं आणि एक्सल मध्ये. शिवाय लांब शॅकलवर गाडी वळणात आडवी डुलते.

आता तोटे ऐका. पाठ वर गेली की पुढच्या चाकांचा कॅस्टर कमी होतो आणि वेगात स्टिअरिंग सैल वाटतं. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, थरथर सुरू होते. हेडलाइटचा झोत जवळच पडतो. रात्री महामार्गावर हा जिवाशी खेळ आहे.

कायद्याचंही पाहू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करू देत नाही. ९ जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं ते कडकपणे सांगितलं. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल केलेली चालत नाही. साठच्या दशकातल्या मसल कार आता या वयात आल्यात. म्हणून उंचीसाठी चासीवर कापाकापी केलीत, तर नोंदणीच धोक्यात.

मग उंची वाढवूच नये? वाढवा, पण किती ते आधी ठरवा. पन्नास वर्षांत पाटे थकतात आणि गाडी मागे बसते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत डावी-उजवी मापं घ्या, कारखान्याच्या मापाशी ताडा. जेवढी घट दिसेल तेवढीच भरून काढा, पाटे बदलून किंवा परत कमान देऊन. मग हेडलाइट आणि अलाइनमेंट तपासून घ्या. ही उंची गाडीची स्वतःची असते. त्याच्या वरचा प्रत्येक इंच ऐटीचा, आणि त्याची किंमत ब्रेक मारताना कळते. कुर्ल्याच्या मिस्त्रीनं पाटा घातला तो गाडी चालती राहावी म्हणून. जुनी गाडी सांभाळणाऱ्याला तेवढा हिशेब पुरतो.