मातीच्या डबीपासून खोक्यापर्यंत

द्राक्षाचा घड वेलीवरून तोडला, तरी त्याचा श्वास चालूच असतो. तो जितका मंद, तितके आयुष्य अधिक. अफगाणिस्तानातल्या शेतकऱ्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखले आहे. माती आणि काड मळून केलेल्या दोन ताटल्यांमध्ये ते जाड सालीची द्राक्षे ठेवतात आणि कडा मातीने लिंपून टाकतात. या डबीला ‘कंगिना’ म्हणतात. तीत द्राक्षे हिवाळाभर टिकतात.

आपल्या नाशिकच्या थॉमसनची साल पातळ. तिला माती पुरत नाही. १९९१ साली ‘महाग्रेप्स’ स्थापन झाली. युरोपला माल पाठवताना बागाईतदारांना उमगले, की नुसती गोडी कामाची नाही; बोटीवरचे आठवडे निभावले पाहिजेत. मग तोडणीनंतर काही तासांतच प्रीकूलिंग, शून्य अंशाच्या आसपास थंडावा आणि खोक्यात घडांवर सोडियम मेटाबायसल्फाइटचा कागद आला. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो, बुरशीला आळा बसतो. वायू कमी पडला तर घड कुजतो, जास्त झाला तर मण्यांचा रंग उडतो.

म्हणूनच निफाड, पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये घड देठाला धरून अलगद मांडणाऱ्या हातांवर शेतकऱ्याचे अख्खे वर्ष विसंबलेले असते.