आठशे मीटर आणि बत्तीस वर्षं

आजचा विषय स्त्रिया आणि मैदान. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, तेव्हा विक्रमांची यादी आमच्याकडून मिळायची नाही. आम्हाला एक युक्तिवाद तपासायचा आहे : 'बाईच्या शरीराला हे झेपत नाही.' इतिहासात तो कसा चालला, ते एका शर्यतीवरून पाहू.

१९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथमच अ‍ॅथलेटिक्समध्ये प्रवेश मिळाला, तोही पाच प्रकारांपुरता. त्यांतली सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरची. जर्मनीच्या लिना राड्के २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिल्या आल्या, जपानच्या किनुए हितोमी दुसऱ्या. अंतिम फेरीत नऊजणी होत्या आणि नऊहीजणींनी शर्यत पूर्ण केली. संपल्यावर काहीजणी दमून खाली टेकल्या. आता, जीव तोडून धावल्यावर पुरुषही आडवे होतातच की! पण वर्तमानपत्रांनी गहजब केला. काहींनी तर पाचजणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, असंही छापलं. परिणाम काय? ही शर्यत ऑलिंपिकमधून गेली, ती थेट १९६० साली रोममध्ये परत आली. बत्तीस वर्षं!

पुढचा क्रम पाहा. स्त्रियांसाठी १५०० मीटर १९७२ साली, मॅरेथॉन १९८४ साली, १०,००० मीटर १९८८ साली. म्हणजे पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि मग म्हणायचं, हिला पोहता कुठं येतं? दार आधी बंद केलं, पुरावा नंतर गोळा केला. तर्कशास्त्रात याला आपण चक्रक दोष म्हणतो.

आता कोणी म्हणेल, स्त्री-पुरुषांत फरक नाही का? आहे ना. पण प्लेटोनं 'रिपब्लिक'च्या पाचव्या पुस्तकात हाच प्रश्न घेतलाय. टक्कल असलेला आणि भरपूर केस असलेला, यांत फरक आहेच. म्हणून एकानं जोडे शिवले तर दुसऱ्याला मनाई करायची का? फरक असणं पुरेसं नाही, तो त्या कामाशी संबंधित असला पाहिजे. स्त्रियांनी पुरुषांबरोबर व्यायामशाळेत यावं, असं तो तिथं सुचवतो. लोक हसतील हे त्याला ठाऊक होतं. पण सवय झाली की हसू थांबतं, हेही तो सांगतो.

आपल्याकडचं उदाहरण घेऊ. पी. टी. उषा यांचं कांस्यपदक १९८४ साली सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण ४०० मीटर अडथळ्यांची ती शर्यत स्त्रियांसाठी ऑलिंपिकमध्ये त्याच वर्षी आली. पुरुष ती १९०० पासून धावत होते. स्टीपलचेस स्त्रियांना मिळाली २००८ साली. त्यानंतर आठच वर्षांत साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या ललिता बाबर रिओमध्ये तिच्या अंतिम फेरीत धावल्या, दहाव्या आल्या. दार उघडायचाच काय तो अवकाश होता.

जाता जाता एक कबुली. ऐंशीच्या दशकात आम्ही आमच्या महाविद्यालयाच्या जिमखाना समितीवर होतो. वार्षिक क्रीडास्पर्धेत मुलींसाठी १५०० मीटर ठेवा, असा एका विद्यार्थिनीचा अर्ज आला. 'मुलींना चारशे पुष्कळ झालं,' असं ठरलं. खाली आमचीही सही आहे. त्याच दिवशी सकाळी आम्ही वर्गात प्लेटो शिकवला होता. त्या मुलीनं अर्जात पदक मागितलं नव्हतं, धावून बघायची संधी मागितली होती. ती धावू शकली असती का, ते आम्हाला आजही ठाऊक नाही. कारण आम्ही ते कळूच दिलं नाही.