अंतराळातली तागडी : 'एलिट' या खेळातला बाजारभाव

मित्रहो, मागच्या व्याख्यानात आपण विनिमयमूल्य या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज तोच धागा जरा वेगळ्या जागी नेऊ, संगणकावरच्या खेळात. नाकं मुरडू नका, मुद्दा तत्त्वज्ञानाचाच आहे.

1984 साली इंग्लंडात 'एलिट' नावाचा खेळ आला. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल हे केंब्रिजचे दोन विद्यार्थी त्याचे कर्ते. बीबीसी मायक्रो या यंत्राची स्मृती अवघी 32 किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी 8 दीर्घिका आणि प्रत्येकीत 256 ग्रह बसवले. खेळाडूला एक जहाज, 100 क्रेडिट आणि 20 टन माल मावेल एवढी जागा मिळते. पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. पोट भरायचं तर एका ग्रहावर माल घ्या, दुसऱ्यावर विका.

भाव ठरतो कसा? माल 17 प्रकारचा, प्रत्येकाला 4 बाइट; म्हणजे भावाचा सगळा तक्ता 68 बाइटांत. त्यात एक मूळ किंमत, एक ग्रहाच्या अर्थव्यवस्थेनुसार बदलणारा आकडा आणि थोडा दैवाचा चढउतार. सुरुवातीच्या लेव्ह या शेतीप्रधान ग्रहावर धान्य टनाला साधारण 3.6 क्रेडिट, जवळच्या झाओन्स या औद्योगिक ग्रहावर साधारण 6.8. म्हणजे 72 क्रेडिटांत जहाज भरतं आणि 136 हाती येतात. त्यातून इंधनाचा खर्च वजा करा. संगणकांच्या व्यापारात नफा कितीतरी मोठा, पण औद्योगिक ग्रहावरही टनाला 60 च्या वर मोजावे लागतात. खिशात 100 असलेल्याने किती घ्यावेत? पैशाकडे पैसा जातो, हे इथे कोणी न शिकवता कळतं.

आता गंमत बघा. तुम्ही एकाच ग्रहावर कितीही माल ओता, भाव तुमच्यामुळे हलत नाही. घासाघीस नाही, ओळखपाळख नाही. भाव इथे पावसासारखा आहे, आपण फक्त छत्री उघडायची. उलट 2003 सालच्या आइसलँडच्या 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये खेळाडूच एकमेकांशी खरेदी-विक्री करून भाव पाडतात नि चढवतात. 2007 मध्ये त्या कंपनीने चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नेमला. भाव निसर्गाचा की माणसांचा, हा आपला जुना वाद दोन खेळांनी दोन तऱ्हांनी सोडवला.

पण आम्हाला अस्वस्थ करते ती 'एलिट'च्या यादीतली चौथी ओळ. धान्य, कापड, किरणोत्सारी द्रव्यं, आणि मग गुलाम. टनांवर मोजलेले. आणि अर्थव्यवस्थेनुसार बदलणाऱ्या आकड्याचं चिन्ह धान्यासारखंच उणे : गरीब शेतीच्या ग्रहावर माणूस स्वस्त, श्रीमंत औद्योगिक ग्रहावर महाग. पृथ्वीवरचा इतिहास एका चिन्हात आला म्हणायचा.

कायदा आहे की, म्हणाल. आहे. अवैध माल घेऊन स्थानकाबाहेर पडलात की तो तुमच्या नोंदीत चढतो : गुलाम किंवा अमली पदार्थ यांचा प्रत्येक टन 2, शस्त्रांचा 1. नोंद शून्य असेल तर तुम्ही निष्कलंक, 50 च्या खाली गुन्हेगार, पुढे फरारी. 20 टन गुलाम म्हणजे 40. पण एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे झेप घेतली की नोंद निम्मी होते. 40 चे 20, मग 10, 5, 2, 1, शून्य. पुन्हा तसला माल भरला नाही आणि वाटेत दुसरा गुन्हा केला नाही, तर सहा झेपांत माणूस स्वच्छ! ना प्रायश्चित्त, ना भरपाई, आणि विकलेले लोक कुठे गेले याची चौकशी तर नाहीच.

कांटने 1785 मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा असा भेद केला. ज्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं त्याला किंमत असते. माणसाला प्रतिष्ठा असते. त्या 4 बाइटांत प्रतिष्ठेला खाना नाही. कर्त्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी बाजार मांडला, आणि प्रत्येक वस्तूला आकडा दिल्याशिवाय बाजार मांडताच येत नाही. ती ओळ सोडून खालच्या मालाकडे जायला मात्र खेळ कोणालाच अडवत नाही. त्याबद्दल खेळ बक्षीसही देत नाही, नफा तेवढा बुडतो. तो बुडू द्यायचा की नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचं असतं.

इथे थांबू. प्रश्न असतील तर विचारा.