वैमानिकांचे करार आणि हवेचा निर्णय

(१)

जुने तहनामे वाचणारास एक गोष्ट लवकरच कळून येते. तहांतील रकमेचें कलम डोळ्यांत भरतें खरें. पण पुष्कळदां खरी घासाघीस झालेली असते ती लहानशा दिसणाऱ्या एखाद्या कलमावर. अमुक ठाणें कोणीं सोडावें, अमुक वाटेनें फौज नेण्यास परवानगी कोणाची लागावी, असल्या शब्दांवर वकील अडून बसतात. आणि त्या अडण्यावरूनच त्या पक्षास भीति कशाची होती हें मागाहून वाचणारास समजतें.

प्रस्तुत लेखाचा विषय मराठेशाहींतील नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वैमानिकांनीं आपल्या धन्यांशीं केलेल्या करारांचा हा विचार आहे. कागद वाचण्याची रीत मात्र तीच ठेविली आहे. वैमानिक म्हणजे भरपूर पगाराचा नोकर, तो रुसतो तो अधिक पगारासाठीं, असा सर्वत्र समज आहे. करारांचीं कलमें पाहिलीं असतां तो समज अपुरा ठरतो. उड्डाण करावें कीं न करावें हें कोणीं ठरवावयाचें, वेगापासून होणारा लाभ कोणाच्या पदरांत पडावयाचा, आणि पायरीनें वर चढण्याचा क्रम कोणाच्या मर्जीवर राहावयाचा, या तीन प्रश्नांभोंवतीं त्यांचें समाधान व असमाधान फिरत आलें आहे. त्यांतही पहिला प्रश्न मूळचा होय.

(२)

अमेरिकेंत विमानांतून टपाल नेण्याची नियमित व्यवस्था १५ मे १९१८ रोजीं वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क या मार्गावर सुरू झाली. प्रथम लष्करी वैमानिक हें काम करीत. त्याच वर्षीं आगस्ट महिन्यांत टपालखात्यानें स्वतःचे वैमानिक नेमून तें आपल्याकडे घेतलें. या कामाचा सूत्रधार दुसरा सहायक पोस्टमास्टर जनरल ऑटो प्रेगर हा होता. विमानाचें टपाल आगगाडीप्रमाणें वेळेवर पोंचतें असें कायदेमंडळास दाखविलें तरच पुढील खर्चास मंजुरी मिळणार, हें तो जाणून होता. यास्तव हवा कशीही असो, विमान सुटलेंच पाहिजे, असा त्याचा आग्रह असे.

त्या काळचा वैमानिक उघड्या आसनावर बसत असे. धुक्यांत दिशा व उंची दाखविणारीं भरंवशाचीं यंत्रें त्याजपाशीं नव्हतीं, आणि जमिनीवरून त्याला कोणी संदेशही पोंचवूं शकत नसे. खालची नदी, रूळ, एखादा मनोरा दिसला तर वाट. न दिसला तर अंदाज.

२२ जुलै १९१९ रोजीं न्यूयॉर्कजवळील बेल्मॉन्ट पार्क येथील मैदानावर दाट धुकें पसरलें होतें. लिऑन स्मिथ या वैमानिकानें उड्डाण करण्यास नकार दिला. त्याच्या जागीं हॅमिल्टन ली यास सांगण्यांत आलें. त्यानेंही नकार दिला. प्रेगरनें दोघांसही कामावरून काढून टाकलें. त्यावर इतर वैमानिकांनीं, ते दोघे परत घेतले जाईपर्यंत आम्ही उडणार नाहीं, असें कळविलें. टपालखात्यापाशीं वैमानिक मूठभर, त्यामुळें सगळा मार्गच अडला. थोड्याच दिवसांत प्रेगरला वैमानिकांच्या प्रतिनिधीशीं बोलणें करावें लागलें.

तडजोड झाली ती अशी. ली यास परत घेण्यांत आलें, स्मिथ यास घेण्यांत आलें नाहीं. हवेचा निर्णय वॉशिंग्टनच्या कचेरींतून न होतां ज्या त्या मैदानावर तेथील व्यवस्थापकानें करावा असें ठरलें. आणि हवा उडण्याजोगी आहे कीं नाहीं याविषयीं वैमानिकास शंका असेल तर व्यवस्थापकानें स्वतः वर जाऊन ती पाहावी, असेंही ठरलें.

या शेवटच्या शब्दांवर वाचकांनीं थोडें थांबावें. यांत पगारवाढीचा एक डॉलरही नाहीं. हुकूम देणारानें त्या हुकुमाच्या धोक्यांत भागीदार व्हावें, एवढेंच वैमानिकांनीं मिळविलें. जो आज्ञा करतो त्याचा देह जमिनीवर सुखरूप आणि जो ती पाळतो त्याचा देह धुक्यांत, ही विषमता त्यांना सोसवेना. दोघांपैकीं एकाचा बळी देऊन कां होईना, ती त्यांनीं कमी केली. परत घेतलेला ली पुढें युनायटेड कंपनींत १९४९ पर्यंत उडत राहिला व १९९४ सालीं शंभरी ओलांडून वारला. त्या दिवशीं नकार देणारा मनुष्य भित्रा नव्हता, एवढें सिद्ध करण्यास त्याची ही कारकीर्द पुरेशी आहे.

आपल्या धर्मशास्त्रांत या प्रश्नाची जाणीव दिसते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत वेतनादान व संविद्व्यतिक्रम हीं विवादपदें लागोपाठ येतात. म्हणजे मजुरी न देणें व ठराव मोडणें हे शेजारचे अपराध मानले आहेत. त्याच अध्यायाच्या अखेरीस नावाड्यांचा नियम आहे. नावाड्यांच्या चुकीनें उतारूंचा माल बुडाला तर त्यांनीं मिळून भरून द्यावा. परंतु दैवी आपत्तीनें बुडाला तर त्यांस दंड नाहीं. स्मृतिकारानें मनुष्याचा दोष व हवेपाण्याचा कोप यांत रेघ ओढली. ती रेघ प्रत्येक वेळीं कोणीं ओढावयाची, हा बेल्मॉन्ट पार्कचा प्रश्न होता.

(३)

१९२५ च्या केली कायद्यान्वयें टपालाचे मार्ग खासगी कंपन्यांस मक्त्यानें देण्यास आरंभ झाला, आणि १९२७ मध्यें टपालखात्यानें स्वतः विमानें चालविणें बंद केलें. वैमानिकांचा धनी पालटला. सरकारी खात्याच्या जागीं नफ्यातोट्याकडे पाहणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांतच १९२९ ची मंदी आली.

१९३१ सालीं शिकागो येथें डेव्हिड बेह्न्के या वैमानिकाच्या पुढाकारानें वैमानिकांचा संघ स्थापन झाला व तो अमेरिकन मजूर महासंघास जोडला गेला. नोकरी जाण्याच्या भीतीनें प्रथम सभासदांचीं नांवें गुप्त ठेवावीं लागत. संघाचें बोधवाक्य वेळापत्रकाला सुरक्षिततेची जोड देणारें होतें. प्रेगरनें ज्या दोन गोष्टी परस्परांविरुद्ध उभ्या केल्या होत्या, त्या येथें एका ओळींत बसविलेल्या दिसतात.

संघाची पहिली कसोटी फेब्रुवारी १९३२ मध्यें लागली. ई. एल. कॉर्ड या मोटारींच्या कारखानदारानें सेंच्युरी नांवाची विमान कंपनी काढली होती. त्यानें वैमानिकांचा महिन्याचा पगार ३५० डॉलरांवरून १५० वर आणण्याचें ठरविलें, व जे मान्य करीनात त्यांना दार बंद केलें. हजारों लोक बेकार असतांना १५० डॉलरही पुष्कळ, असें कित्येकांस वाटलें असेल. पण न्यूयॉर्कचे प्रतिनिधि फिओरेल्लो ला गार्डिया, जे स्वतः पहिल्या महायुद्धांत वैमानिक होते, त्यांनीं कायदेमंडळांत वैमानिकांची बाजू उचलून धरली. टपालाच्या मक्त्यांस सरकारचें साह्य होतें. आणि कॉर्ड तसा मक्ता मिळवूं पाहत होता. सार्वजनिक पैशावर डोळा ठेवून वैमानिकाचें वेतन कापणारास मक्ता द्यावा काय, असा प्रश्न उभा राहिला. थोड्याच महिन्यांत कॉर्डनें ती कंपनी विकून टाकली. संपानें जें एकट्यानें साधलें नसतें तें कायदेमंडळाच्या व्यासपीठावरून साधलें, हा धडा बेह्न्के कधीं विसरला नाहीं.

(४)

यापुढील कागद या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा होय. १९३३ मध्यें मोठ्या कंपन्यांनीं एक नवी वेतनपद्धति पुढें आणली. पूर्वीं वैमानिकास मूळ पगार व शिवाय उडालेल्या मैलांप्रमाणें रक्कम मिळे. आतां मैल सोडून तासांप्रमाणें पैसे द्यावे, असें कंपन्यांनीं ठरविलें. वरवर पाहतां हा हिशेबाचा फेर. पण त्याच वर्षीं बोइंग २४७ हें वेगवान विमान प्रवाशांच्या वाहतुकींत आलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांतील मर्म कळतें.

उदाहरणार्थ, महिन्यास ८५ तास उडणारा मनुष्य घ्या. ताशीं १०० मैल वेगाचें विमान असेल तर तो ८,५०० मैल जातो. ताशीं १६० मैल असेल तर १३,६०० मैल. तास तेवढेच, पण कंपनीस दीडपटीहून अधिक काम मिळालें. दर मैलावर असेल तर ही वाढ वैमानिकाकडे जाते, तासावर असेल तर कंपनीकडे. कंपनी म्हणे, विमान आम्ही विकत घेतलें, वेग आमचा. वैमानिक म्हणे, त्या वेगाची जबाबदारी माझ्या हातांत, चूक दुरुस्त करण्यास मिळणारा क्षण माझा कमी झाला. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें, म्हणूनच वाद चिघळला व देशव्यापी संपाची वेळ आली.

राष्ट्रीय मजूर मंडळानें मध्यें पडून १० मे १९३४ रोजीं जो निवाडा दिला तो 'निर्णय क्रमांक ८३' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांत मूळ वार्षिक पगार १,६०० डॉलरांपासून सुरू होऊन नोकरीच्या वर्षांप्रमाणें ३,००० पर्यंत चढे. त्यावर तासांचा दर. पण तो दर विमानाच्या वेगाबरोबर वाढता, व रात्रीं दिवसापेक्षां अधिक. उड्डाणाची मर्यादा महिन्यास ८५ तास. म्हणजे मोजमाप कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें तासाचें राहिलें आणि त्याच्या आंत वैमानिकाचा वेग शिरला. तडजोडीचा इतका नेटका नमुना क्वचित् पाहावयास मिळतो.

या निवाड्याचें पुढील चरित्र कागदपत्रांच्या अभ्यासकास रंजक वाटेल. ज्या औद्योगिक पुनरुज्जीवन कायद्याच्या व्यवस्थेंत तें मंडळ जन्मलें तो कायदा मे १९३५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला. आई गेली, पण मूल जगलें. कारण तत्पूर्वींच, जून १९३४ च्या हवाई टपाल कायद्यांत, मक्तेदार कंपन्यांनीं वैमानिकांच्या वेतनाबाबत मंडळाचे निर्णय पाळावे असें कलम बेह्न्केनें खटपट करून घालविलें होतें. १९३८ च्या नागरी विमानवाहतूक कायद्यांतही त्यास स्थान मिळालें. मूळ सनद नष्ट झाली तरी तिची नक्कल दुसऱ्या दप्तरांत राहिल्यानें वतन टिकावें, तसा हा प्रकार झाला.

(५)

१० एप्रिल १९३६ रोजीं रेल्वे मजूर कायदा विमान कंपन्यांस लागू झाला. त्याच्या योजनेंत करार ठराविक दिवशीं संपून जात नाहीं. तो दुरुस्तीस मोकळा होतो, आणि नवा होईपर्यंत जुनाच चालतो. मध्यस्थी, मग थांबण्याची मुदत, प्रसंगीं राष्ट्राध्यक्षांनीं नेमलेलें मंडळ, अशा पायऱ्या ओलांडल्यावरच संप करतां येतो. यामुळें वाटाघाटी वर्षानुवर्षें लांबतात; एकाएकीं वाहतूक बंद पडत नाहीं, पण असमाधानही एकाएकीं मिटत नाहीं. या व्यवस्थेखालीं १९३९ मध्यें अमेरिकन एअरलाइन्सशीं संघाचा पहिला लेखी करार झाला.

करारांबरोबर ज्येष्ठतेची यादी दृढ झाली. कोणतें विमान, कोणता मार्ग, कोणती सुटी, कप्तानपद केव्हां, हें सर्व नेमणुकीच्या तारखेवरून ठरूं लागलें. वरिष्ठाच्या मर्जींतून वैमानिक सुटला. धुक्यांत नकार दिला म्हणून बढती अडेल ही भीति गेली. परंतु या यादीनें त्याच्या पायांत बेडीही घातली. कंपनी सोडून दुसरीकडे गेला तर तेथें यादीच्या तळाशीं उभें राहावें लागतें. इतर धंद्यांतील असमाधानी मनुष्य निघून जातो. वैमानिक निघून जाऊं शकत नाहीं, म्हणून तो आहे तेथेंच भांडतो. त्यांच्या वाटाघाटी इतक्या कडवट कां होतात याचें एक कारण येथें आहे.

१९४६ मध्यें चार यंत्रांचीं मोठीं विमानें आलीं व निर्णय ८३ चें माप अपुरें पडूं लागलें. अशा विमानांच्या वेतनावरून टी. डब्ल्यू. ए. कंपनीच्या वैमानिकांनीं २१ आक्टोबरपासून सुमारें साडेतीन आठवडे संप केला. नवें यंत्र आलें कीं जुना प्रश्न नव्यानें उठतो.

(६)

हवेचा निर्णय मात्र पुन्हां मागें गेला नाहीं. १९४४ च्या शिकागो करारान्वयें झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत, विमान आपल्या ताब्यांत असेपर्यंत त्यासंबंधींचा अखेरचा अधिकार कप्तानाचा, असें स्पष्ट आहे. हिंदुस्थानासही ते नियम लागू आहेत.

आपल्याकडेही हेच तीन प्रश्न आलेले दिसतात. सप्टेंबर २००९ मध्यें मुंबईच्या जेट एअरवेजनें, संघ स्थापण्यांत पुढाकार घेणाऱ्या दोघा वैमानिकांस काढल्यावर इतरांनीं आजारी असल्याचें कळवून कामावर येणें थांबविलें. दोघांसाठीं सगळे, हा १९१९ चाच आकार. २००७ मध्यें एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एक झाल्यावर दोन कंपन्यांच्या वैमानिकांत बढतीचा व नव्या बोइंग ७८७ विमानाच्या शिक्षणाचा वाद पेटला, आणि २०१२ मध्यें ५८ दिवसांचा संप झाला. २०२५ मध्यें वैमानिकांची आठवड्याची विश्रांति ३६ तासांवरून ४८ वर नेणारे नियम अंमलांत आले. त्यांची पुरती तयारी एका मोठ्या कंपनीनें न केल्यामुळें डिसेंबरांत शेंकडों उड्डाणें रद्द झालीं. थकलेल्या मनुष्यानें उडावें कीं नाहीं, हाही हवेच्या निर्णयाचाच दुसरा भाग होय.

येथें संग्राहकांस एक विनंति आहे. अमेरिकेंतील हा इतिहास लिहितां येतो, कारण तेथील तारा, निवाडे व संघाचीं दप्तरें जपलीं गेलीं. आपल्याकडे १९३२ मध्यें टाटांची विमानसेवा सुरू झाली. १९५३ मध्यें राष्ट्रीयीकरण होऊन आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्यें विलीन झाल्या. २०२२ मध्यें एअर इंडिया पुन्हां टाटांकडे गेली. प्रत्येक हस्तांतरांत कागद गहाळ होण्याचें भय असतें. मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांत जुन्या वैमानिकांच्या उड्डाणवह्या, नेमणुकीचीं पत्रें, ज्येष्ठतेच्या याद्या, संघाचीं परिपत्रकें अजून पडून असतील. मोडी दप्तरें रद्दींत जातांना आपल्या वडिलांनीं हळहळत पाहिलीं. हे कागद टंकलिखित व अलीकडचे आहेत म्हणून त्यांची उपेक्षा करूं नये. धुक्याच्या दिवशीं कोणीं काय नाकारलें, आणि त्याबद्दल त्याला काय सोसावें लागलें, हें त्यांतच लिहिलेलें असण्याचा संभव आहे.