‘हायब्रिड थिअरी’च्या आत

हेडफोन वायरचे घ्या. ब्लूटूथ आवाज पुन्हा दाबून पाठवतं. मग अल्बमची २४ बिटची हाय-रेझ फाइल घेऊन उपयोग काय? आता प्ले दाबा. पहिलं गाणं ‘पेपरकट’ सुरू होतं आणि तुम्ही सन २००० मध्ये जाऊन पोहोचता, लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमधल्या एनआरजी स्टुडिओत. लिंकिन पार्क या बँडचा पहिला अल्बम, ‘हायब्रिड थिअरी’, इथे घडतो आहे. निर्माता डॉन गिलमोर. एकामागून एक रेकॉर्ड कंपन्यांनी या पोरांना परत पाठवलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

अल्बम तर तुम्हाला पाठच आहे. पण कुठला? १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीतला, एका सीडीवर दीडशे गाणी कोंबलेली असायची त्यातला. त्या फाइलमधून १६ किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास सगळं कापलेलं असे आणि झांजा पाण्याखाली वाजल्यासारख्या ऐकू येत. आता ड्रमर रॉब बोर्डनची झांज वाजते आणि तिचा नाद विझेपर्यंत तुम्हाला त्याचा माग काढता येतो.

चौथ्या गाण्यावर, ‘पॉइंट्स ऑफ ऑथॉरिटी’वर, जरा रेंगाळा. गिटारवादक ब्रॅड डेल्सन एक रिफ वाजवून घरी गेला आहे. बँडमधला माइक शिनोडा ती कॉम्प्युटरवर घेतो, तिचे तुकडे करतो आणि वेगळ्याच क्रमाने जोडतो. मग ब्रॅडला आपलीच रिफ कॉम्प्युटरवरून ऐकून नव्याने शिकावी लागते! इतकी वर्षं तुम्हाला ती रागाच्या भरात घातलेला एकसंध घाव वाटत आली. आज तिचे सांधे कानाला लागतात. सूर विरायच्या आत तोडलेला, पुढची फट कोरडीठाक, की लगेच दुसरा तुकडा. हा राग हाताने, चिकाटीने बांधलेला आहे, आणि म्हणूनच तो इतकी वर्षं टिकला, असं मला ठामपणे वाटतं.

पुढचं गाणं ‘क्रॉलिंग’. गायक चेस्टर बेनिंग्टन चोवीस वर्षांचा आहे, ॲरिझोनातल्या फीनिक्सहून आलेला. ध्रुवपदात तो एकटा नाही. त्याच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवले आहेत. कडव्यात मात्र थर गळून पडतात आणि तो वीतभर अंतरावर येतो. २० जुलै २०१७ ही त्याच्या मृत्यूची तारीख त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत आहे. ते ओझं घेऊनच पुढचं ऐकावं लागतं.

मिक्सिंग न्यूयॉर्कला, अँडी वॉलेसकडे. निर्व्हानाचा ‘नेव्हरमाइंड’ही त्यानेच मिक्स केलेला. अल्बमच्या आवाजाची पातळी त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे सतत चढी ठेवली आहे, म्हणजे हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी. त्यामुळे सीडीच्या १६ बिटांचा ९६ डेसिबलचा पल्लाच इथे पुरून उरतो, २४ बिटांच्या १४४ चं तर बोलायलाच नको. चांगल्या सीडीशी तुलना केलीत तर फरक थोडाच जाणवेल. जुन्या एमपीथ्रीशी केलीत तर जमीन-अस्मानाचा.

‘क्युअर फॉर द इच’ कधी वगळलं असेल, तर आता तसं करू नका. बँडचा डीजे जो हान याच्या टर्नटेबलचं खरखरणं इथेच सगळ्यात मोकळं ऐकू येतं. आणि फाइल घेताना ती खरी हाय-रेझ आहे ना, एवढं पाहा. एमपीथ्री फुगवून २४ बिटची केली तरी कापलेलं परत येत नाही. बारा गाणी सलग ऐका. जेमतेम ३८ मिनिटं लागतात.