सदरेवर कुणी बसायचं?

साताऱ्यात सदर बझार आहे, रायगडावर राजसदर आहे, कृष्णाकाठच्या जुन्या वाड्यांना अजून सदर आहे आणि सरकारी कागदात ‘सदर इसम’ असतो. या सगळ्यांत शब्द एकच, अरबी ‘सद्र’. मूळ अर्थ छाती. शरीराचा पुढचा, उठून दिसणारा भाग. त्यावरून पुढची जागा, मानाची जागा, मुख्य असे अर्थ फुटत गेले. छावणीतला मुख्य बाजार तो सदर बझार, वाड्यात लोड-तक्के मांडलेली पुढची बैठक ती सदर, आणि कागदात ज्याचा उल्लेख वर येऊन गेला तो सदर. आपल्या अंगातल्या सदऱ्याचं नातंही कोशकार या छातीशीच जोडतात.

सांगली-साताऱ्याकडची मुलं नोकरीसाठी दुबई, मस्कत, दोह्याला जातात. जाताना त्यांना तिथल्या रीतीभातींची एक यादी मिळते: हे करू नका, ते करू नका. यादी चुकीची नसते, पण ती माणसाला आधीच घाबरवते. त्यापेक्षा त्यांनी घरातलेच शब्द जरा उलगडून पाहावेत असं मला मनापासून वाटतं.

अरबांच्या घरी पाहुण्याला बसवतात ती खोली म्हणजे मजलिस. ‘बसणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला शब्द, म्हणजे शब्दशः आपली बैठक. जुन्या मराठीत ‘मजलस’ होताच. युनेस्कोने 2015 मध्ये मजलिस आणि अरबी कॉफी या दोन्हींना अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. मजलिसीत भिंतीकडेने बैठका असतात आणि मानाच्या जागेला म्हणतात ‘सद्र अल-मजलिस’. ती वडीलधाऱ्यांची किंवा पाहुण्याची. पण पाहुण्याने आपण होऊन तिथे जाऊन बसायचं नसतं. यजमान हाताने दाखवेल तिथे बसायचं. वाड्याच्या सदरेवरही रीत हीच होती. ‘अहो, वर या, असे इकडे बसा’ म्हटल्याशिवाय कुणी तक्क्याला टेकत नसे.

मग कॉफी येते. वाढणारा डाव्या हातात सुरई आणि उजव्या हातात बिनकानाच्या छोट्या पेल्या धरून असतो. पेली जेमतेम तळ झाकेल इतकीच भरतात. काठोकाठ भरली तर पाहुण्याचा अपमान, कारण पुन्हा पुन्हा वाढण्यातच आदर आहे. पेली उजव्याच हाताने घ्यायची. हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. पुरे झालं की तोंडाने नको म्हणायची गरज नाही, रिकामी पेली हलकेच हलवून परत द्यायची. न हलवता दिली तर तो पुन्हा ओतणार.

गप्पांना सुरुवात होते ‘कैफ हालक’ने. हा ‘हाल’ आपलाच, पण त्याच्या नशिबी इकडे भलतंच आलं. अरबीत हाल म्हणजे नुसती स्थिती, बरी-वाईट कशीही. मराठीत ‘हाल झाले’ म्हटलं की दुःखच. मूळ अर्थ टिकला तो ‘हालहवाल’मध्ये, त्यातला हवाल म्हणजे हालचंच अनेकवचन. तिकडे ही विचारपूस दोन-चारदा फिरून होते, तोवर कामाचं बोलणं काढत नाहीत. सांगलीच्या मार्केट यार्डातही हळदीच्या भावाआधी पाऊसपाण्याची चौकशी होतेच. त्या यार्डातले दलाल आणि हमाल हेही अरबीच शब्द, आणि अरबी बाजारात त्यांची कामं आजही जवळपास तीच. ‘साहेब’ मात्र पार बदलला. तिकडे ‘साहिब’ म्हणजे सोबती, मित्र. इकडे तो खुर्चीत जाऊन बसला.

विचारपूस करताना बायकोचं नाव घेऊन चौकशी करायची नाही. ‘अहल’ कसे आहेत, म्हणजे घरची मंडळी कशी आहेत, एवढंच. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘आमची मंडळी’ म्हणजे बायको, हे ज्याला माहीत आहे त्याला यात परकं काही वाटणार नाही. ‘अहलन व सहलन’ या स्वागतातला पहिला शब्द हाच: आपल्याच माणसांत आलात, सोप्या वाटेने आलात. दुसरा ‘सहल’, म्हणजे सोपं. जुन्या मराठी कोशात सहलचा हा अर्थ आहे. आता मात्र सहल म्हटलं की शाळेची महाबळेश्वरला जाणारी बसच आठवते.

हे शब्द अरबस्तानातून थेट इथे आलेले नाहीत. मिरज, सातारा हा मुलूख आदिलशाहीत होता आणि फारसी दफ्तरातून ते मराठीत झिरपले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दफ्तराची भाषा त्याने बरीच पालटली, पण आदरातिथ्यातले शब्द लोकांच्या तोंडातून हलले नाहीत. माधव जूलियनांचा 1925 चा फारसी-मराठी कोश चाळला की ते किती खोल रुजलेत हे कळतं. ‘अदब’च घ्या. आपल्याकडे त्याचा अर्थ मर्यादा, आदर. अरबीत शिष्टाचारही आणि साहित्यही. त्याच धातूतून ‘मादुबा’ म्हणजे मेजवानी. पंक्तीत माणूस कसा वागतो यावरून त्याची अदब ठरते, हे त्या धातूतच आहे.

निरोपाची खूणही सारखी. आखातात उदाचा धूर फिरवला की उठायचं. उदानंतर बसणं नाही, अशी तिकडे म्हणच आहे. आपल्या दरबारात अत्तर-गुलाब आणि विड्याचं तबक फिरलं की बैठक संपली. अत्तर अरबी, तबकही अरबी. ‘रजा’चा मूळ अर्थ संमती, राजीपणा. यजमान राजी असेल तरच उठायचं, म्हणून ती रजा. कचेरीतली सुट्टी हा नंतरचा अर्थ. सीरिया-लेबनॉनकडे पाहुणा उठताना ‘बिखातरक’ म्हणतो. तो आपल्या ‘खातर’चा, खातरजमेतला खातर, मूळ अर्थ मन. तुमच्या मनाला येईल तर निघतो, असा भाव.

आखातात राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. तिथल्या सोबत्यांशी बोलताना असे शब्द कानावर पडले तर अर्थासकट टिपून ठेवा, आणि सुट्टीत गावी आलात की घरच्या म्हाताऱ्या माणसांना ते विचारा. वाडे पडत चालले आहेत. सदर, तबक, मजलस हे शब्द नित्य वापरलेली माणसं आता थोडीच उरली आहेत.